जुन्या चासीवर बांधलेल्या जीपचं वायरिंग: स्वतः करायचं की वायरमनला द्यायचं?

चासी रंगवून झाली, इंजिन बसलं, गिअर पडतायत, ब्रेक लागतायत. आता उरलं वायरिंग. घरच्या शेडमध्ये बांधलेल्या बऱ्याच गाड्या नेमक्या याच टप्प्यावर महिनोन्‌महिने उभ्या राहतात, कारण मालक दोन टोकांमध्ये अडकतो. सगळं आपणच करायचं, नाहीतर चावी वायरमनच्या हातात देऊन मोकळं व्हायचं. खरं तर हे काम अख्खं एका बाजूला टाकायची गरजच नसते. त्याचे तुकडे पडतात, आणि कुठला तुकडा कोणाचा हे ठरवायला आधी एक कागद तयार करावा लागतो. तो कागद होईपर्यंत निर्णय घेऊ नका, ॲडव्हान्सही देऊ नका.

इथे उदाहरण धरलंय ते १२ व्होल्टच्या, एमएम ५४० जातीच्या साध्या डिझेल जीपचं. मूळ चासी आणि आरसी आहे, पण जुनं वायरिंग जळालंय किंवा उंदरांनी संपवलंय. कार्ब्युरेटरवाली जिप्सी किंवा शेतात फिरवायला पाइप वाकवून बनवलेली बग्गी असली तरी हिशोब हाच. रस्त्याचं मात्र आधीच नीट पाहून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या नोंदींशी जुळणार नाही असा बदल मनाने करता येत नाही, इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी लागते. शून्यातून बनवलेल्या गाडीला तर पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेची मान्यता लागते, वायरिंग कितीही सुबक असलं तरी.

आधी कागद

मोठा कागद घ्या. गाडीत विजेवर चालणारी प्रत्येक वस्तू लिहा, तिच्यापुढे वॅट, आणि वॅटला १२ ने भागून अँपिअर. ६०/५५ वॅटच्या दोन हेडलाइटना अप्परवर १२० वॅट, म्हणजे १० अँपिअर. पार्किंग आणि नंबरप्लेटचे ५ वॅटचे पाच बल्ब मिळून २. इंडिकेटरचे २१ वॅटचे दोन बल्ब एका वेळी, साडेतीन. हॅझर्ड (चारही इंडिकेटर एकदम) लावला की सात. ब्रेकलाइट साडेतीन. हॉर्नची जोडी ८ ते १०. वायपरची मोटर ४ च्या आसपास. मीटर आणि डिझेल बंद करणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) मिळून २. ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन तापवणारे) चार असले तर तापताना ४० ते ६० अँपिअर ओढतात, पण थोडेच सेकंद. सेल्फ शेकड्यांत ओढतो, म्हणून तो या यादीत न धरता वेगळा ठेवायचा.

आता रात्री, पावसात, सिग्नलला ब्रेक दाबून आणि इंडिकेटर देऊन उभे आहात असं धरा आणि जे जे चालू असेल त्याची बेरीज करा. १० + २ + ४ + ३.५ + ३.५ + २, म्हणजे २५ अँपिअर. जुना ३५ अँपिअरचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा) एवढं ओढून नेतो. पण पुढे १२० वॅटचा लाइटबार लावायचा विचार असेल तर बेरीज ३५ वर जाते, आणि स्लो रेसला अल्टरनेटर पूर्ण करंट देतच नाही. म्हणजे लाइटबार घ्यायचा की नाही हा निर्णयही याच कागदावर होतो, दुकानात नाही.

मग पुढचे दोन रकाने, वायर आणि फ्यूज. फ्यूज बल्बला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. म्हणून तो वायरच्या जाडीवर ठरतो. एक स्क्वेअरच्या (म्हणजे आतलं तांबं एक चौरस मिलिमीटर) वायरला १० अँपिअर, दीडला १५, अडीचला २० आणि चारला ३० हा सुरक्षित हिशोब आहे. पार्किंगला पाऊण स्क्वेअर पुरते, तिथे फ्यूज ५ चा. इंडिकेटर आणि ब्रेकला १, एकेका हेडलाइटला दीड, हेडलाइटच्या रिलेपर्यंत (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) अडीच, ग्लो प्लगला ६, अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत १०. सेल्फची मेन केबल डिझेलला ५० स्क्वेअर, पेट्रोलला ३५.

शेवटी प्रत्येक सर्किटवर बोट ठेवून चाला: बॅटरीच्या प्लसपासून फ्यूज, स्विच, रिले, बल्ब, अर्थ (गाडीच्या पत्र्यातून परतीची वाट) आणि परत बॅटरीच्या मायनसला. दोन-तीन संध्याकाळी बसून बोट कुठेही न अडखळता फिरलं, तर बॉडीचं वायरिंग तुम्ही करू शकता. एखाद्याच ठिकाणी अडलं (बहुधा हॅझर्डच्या स्विचवर अडतं, कारण तिथे इंडिकेटरची लाइन फ्लॅशरच्या (दिवे लुकलुकवणाऱ्या डबीच्या) आधी आणि नंतर दोन्हीकडे तुटते), तर तेवढ्यापुरता जाणकार शोधा. अर्थ कुठून परत येतो हेच उमगत नसेल तर काम बाहेर द्या. तरीही कागद फाडू नका. वायरमनशी बोलताना तोच तुमचा करार होणार आहे.

इंजिनला ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) असेल तर

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या डिझेल इंजिनाला एकदा सुरू झाल्यावर सोलेनॉइडचा एक अँपिअर सोडला तर वीज लागतच नाही. त्यामुळे तो सोलेनॉइड सोडला तर वायरिंगमधल्या चुकीने इंजिन बंद पडत नाही. परवानगी काढून कॉमनरेल (ईसीयूवर चालणारं नवं डिझेल) इंजिन बसवलंय, तर खेळ बदलतो. सेन्सरच्या वायरी, शील्ड असलेल्या जोड्या, पेडलचा सेन्सर, चावीतली चिप, सगळं एकमेकांना ओळखणारं असतं. इथे स्वतः हार्नेस (वायरींचा अख्खा जुडगा) बनवायच्या फंदात पडू नका.

इंजिन घेतानाच पूर्ण संच मागा: ईसीयू, न कापलेला इंजिन हार्नेस, ॲक्सिलरेटरचं पेडल, चावी, चावीभोवतीची इमोबिलायझरची (चावीतली चिप ओळखणारी) रिंग आणि फ्यूजबॉक्स, सगळं एकाच गाडीतलं. कुर्ल्यासारख्या जुन्या स्पेअरच्या बाजारात इंजिन पटकन बाहेर काढण्यासाठी हार्नेस कटरने तोडून देतात. अशा तुटलेल्या हार्नेसची एकेक वायर ओळखून जोडण्याची मजुरी कधीकधी इंजिनाच्या किमतीशी स्पर्धा करते. संच पूर्ण असेल तर ईसीयूचं काम स्कॅनर असलेल्या माणसाला द्या. त्याच्याकडून फक्त चार गोष्टी कागदावर घ्या: कायमची प्लस, चावीची प्लस, सेल्फची लाइन आणि अर्थ. त्यापुढचं बॉडीचं वायरिंग पुन्हा तुमच्या हातात येतं.

प्लायवूडवरची परीक्षा

हात बसलाय की नाही हे गाडीवर तपासू नका. दोन बाय तीन फुटांचा प्लायचा तुकडा घ्या आणि त्यावर नुसतं अप्परचं सर्किट बांधा. दोन एच-फोर (अप्पर-डिपर एकत्र असलेले) बल्ब होल्डरसकट, एक रिले, फ्यूजहोल्डर, एक साधा स्विच, आणि गाडीत जेवढी लागेल तेवढ्याच लांबीची वायर. बॅटरीपासून १५ च्या फ्यूजमधून रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला अडीच स्क्वेअर, ८७ वरून प्रत्येक बल्बला दीड स्क्वेअर वेगळी, ८६ ला स्विचमधून येणारी दीड स्क्वेअर, ८५ अर्थला. स्विचची वायर याच फ्यूजच्या पुढून घ्या. पाचवी पिन, ८७ ए, या कामाला लागत नाही; पाच पिनांचा रिले घेतलात तर तिला हात लावू नका.

बल्ब पेटवून दोन मिनिटं तसेच ठेवा. मग मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं बल्बच्या प्लस पिनेला. जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट वाटेत हरवतायत. तसंच मायनसच्या बाजूने. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. एक व्होल्ट दिसला तर कुठेतरी थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा तुकडा) नीट दबलेलं नाही, आणि ते हाताला गरम लागेल. बोट फिरवूनच सापडतं.

या अर्ध्या व्होल्टसाठी एवढा आटापिटा का? हॅलोजन बल्बला व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं तर उजेड सुमारे ३० टक्क्यांनी पडतो. जुन्या मांडणीत हेडलाइटचा सगळा करंट डॅशवरच्या स्विचमधून आणि डिपरमधून फिरून यायचा. एक स्क्वेअरच्या पाच मीटर वायरमध्येच १० अँपिअरला जवळपास ०.९ व्होल्ट जातात, वर स्विचच्या पत्र्यांचे वेगळे. जीपचे दिवे पिवळे पडतात म्हणून लोक जास्त वॅटचे बल्ब टाकतात. त्याने स्विच वितळतो, उजेड वाढत नाही. रिले लावला की स्विचमधून पाव अँपिअरसुद्धा जात नाही.

या प्लायवरच्या प्रत्येक क्रिंपकडे (थिंबल दाबून केलेल्या सांध्याकडे) जवळून बघा, भिंग असलं तर भिंगातून. चांगल्या थिंबलमध्ये तांब्याचे केस पुढच्या बाजूने अर्धा ते एक मिलिमीटर डोकावतात. मधल्या खिडकीत एका कडेला तांबं आणि दुसऱ्या कडेला वायरचं प्लास्टिक, दोन्ही दिसतात. पुढचे दोन पंजे आत वळून केसांमध्ये रुतलेले असतात. मागचे पंजे प्लास्टिकला धरतात, पण फाडत नाहीत. मग वायर हाताने जोरात ओढा. निघाली तर नुकसान फक्त एका थिंबलचं. साध्या पकडीने दाबलेलं थिंबल वरून चपटं आणि घट्ट दिसतं, आत केस मोकळेच राहतात. सहा महिन्यांत त्यात हवा आणि ओल शिरते. कोकणात तर पहिल्या पावसाळ्यातच हिरवा थर धरतो. म्हणून रॅचेटचं क्रिंपिंग टूल ही एक गोष्ट उधार किंवा स्वस्तातली चालत नाही. ते घ्यायचं नसेल तर काम बाहेर दिलेलं बरं.

सोल्डरचा डाग जास्त पक्का असं बरेच जण मानतात. पण डाग वायरच्या केसांमध्ये वर चढतो, तेवढा भाग कडक होतो, आणि जिथे कडक भाग संपून मऊ वायर सुरू होते तिथेच ती डिझेलच्या हादऱ्याने तुटते. गाडीत क्रिंप, वर गोंदाची हीट श्रिंक स्लीव्ह, आणि सांधे शक्य तितके कमी. वायरी पिळून वर काळी टेप हा प्रकार तर नकोच.

तयार किटचा मधला मार्ग

जीप मूळ मांडणीच्या जवळपास असेल तर बाजारात तिचं तयार वायरिंग किट मिळतं. पहिल्यांदा काम करणाऱ्याला मी तेच घ्यायला सांगेन. रंग ठरलेले, लांबी मापलेली, कपलर बसवलेले, त्यामुळे निम्मं काम आणि निम्म्या चुका वाचतात. फक्त घेताना वायर सोलून पाहा. केस बारीक आणि भरपूर हवेत, आणि ते तांब्याचेच हवेत. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम चाकूने खरवडलं की पांढरं पडतं. किटमध्ये हेडलाइटचे आणि हॉर्नचे रिले बहुधा नसतात, ते वाढवा. साध्या बल्बऐवजी इंडिकेटरला एलईडी टाकणार असाल तर फ्लॅशरही इलेक्ट्रॉनिक घ्या. जुना फ्लॅशर एलईडीच्या कमी करंटवर वेडावाकडा लुकलुकतो किंवा लुकलुकतच नाही.

घरगुती वायर उरलीय म्हणून ती गाडीत घालू नका. साध्या घरगुती वायरचं प्लास्टिक ७० अंशांपर्यंतचं असतं, आणि डिझेल सांडलं की ते फुगतं. बॉनेटखाली १०५ अंशांची ऑटोची वायर लागते.

सगळं हाताने करायचं तर नवख्याला सुट्टीचे पाच-सहा शनिवार-रविवार सहज लागतात. सरावलेला वायरमन हेच तीन-चार दिवसांत उरकतो. तुमच्याकडे शेड नसेल, गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उघडी असेल, पाऊस महिन्यावर आला असेल, तर केवळ तेवढ्या कारणावरून काम बाहेर देणं शहाणपणाचं आहे.

गाडी जितकी साधी, तितका हा प्रश्न लहान होतो. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावात एका कारागिराने भंगारातून बनवलेली छोटी जीप २०२१ मध्ये देशभर गाजली. ती दुचाकीसारखी किक मारून सुरू होते. शेतातल्या बग्गीला सेल्फ खरंच हवा का, हे कागद काढतानाच विचारून घ्या.

वायरमनला द्यायचं ठरलं तर

आधी त्याने केलेल्या एखाद्या गाडीच्या डॅशखाली डोकं घालून बघा. वायरी पाइपमध्ये आहेत की लोंबतायत, सांध्यावर टेप आहे की स्लीव्ह, पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट आहे का. हे पाच मिनिटांत कळतं, आणि नाव किंवा गर्दीपेक्षा जास्त सांगून जातं. नंतर एकच प्रश्न विचारा: हेडलाइटचा करंट कुठून नेणार? उत्तरात रिले आणि फ्यूज स्वतःहून आले तर बोलणी पुढे न्या.

काम उक्तं द्या, रोजावर नको. रोजावर दिलं की रेंगाळतं. पण उक्तं देताना माल तुमचा ठेवा, नाहीतर अडीचच्या जागी दीडची वायर जाते आणि झाकल्यावर ती दिसत नाही. कागदाची एक प्रत त्याला द्या आणि बोलून घ्या: सर्किट किती, प्रत्येकाला वेगळा फ्यूज, वायरीच्या दोन्ही टोकांना नंबराची पट्टी, फ्यूजबॉक्समध्ये दोन रिकाम्या जागा, आणि पाइप-टेप चढवण्याआधी तुम्हाला फोटो काढू द्यायचे. त्याने रंग बदलला तर बदल कागदावर त्याच दिवशी. पैसे तीन टप्प्यांत: काम सुरू होताना, उघडं वायरिंग दाखवल्यावर आणि खालच्या चाचण्या झाल्यावर. बिल घ्या, पुढे गाडी पेटली तर विम्याच्या दाव्याला ते लागतं.

मला सगळ्यात पटणारी वाटणी अशी. मार्ग आखणं, क्लिपा मारणं, डॅश, दिवे, फ्यूजबॉक्स हे तुमचं. बॅटरी, सेल्फ आणि अल्टरनेटरच्या जाड केबलींची थिंबलं हायड्रॉलिक प्रेस असलेल्या माणसाकडून दाबून घ्या. ती हातोड्याने ठोकून कधीच बसत नाहीत. शेवटी दोन तास एखाद्या जाणत्या वायरमनला बोलवा आणि त्याला फक्त चुका शोधायला लावा. त्याचे पैसे आनंदाने द्या.

जिथे हमखास बिघडतं

अर्थ हे पहिलं. नव्या रंगावर अर्थचा बोल्ट आवळला की करंटला वाट मिळत नाही. रंग पत्र्यापर्यंत खरवडा, स्टार वॉशर घाला, आवळल्यावर वरून ग्रीस लावा. इंजिन रबरी माउंटिंगवर असतं, म्हणून इंजिन ते चासी असा जाड पट्टा लागतोच. तो विसरलात तर सेल्फ मारताना करंट क्लचच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलीतून वाट काढतो आणि ती तापून चिकटते. एका बाजूचा इंडिकेटर दिला की पार्किंगही लुकलुकतं, तर बल्ब बदलू नका, त्या दिव्याचा अर्थ बघा.

चार्जिंगचा लाल दिवा हे दुसरं. बऱ्याच जुन्या अल्टरनेटरना जागं व्हायला त्या बल्बमधून जाणारा थोडा करंट लागतो. तिथे हौसेने एलईडी लावला की अल्टरनेटर चार्जच करत नाही, किंवा रेस दिल्यावरच करतो, आणि बिचाऱ्या बॅटरीवर खापर फुटतं. दोन-तीन वॅटचा साधा बल्बच ठेवा.

तिसरं म्हणजे मेन फ्यूज बॅटरीपासून लांब बसवणं. बॅटरी ते फ्यूज एवढी वायर कुणीच राखत नाही. ती वीत-दीड वीत, त्याहून लांब नको. वायरी डिझेलच्या पाइपला बांधू नका, सायलेन्सरपासून दूर ठेवा, आणि दर २५ ते ३० सेंटिमीटरला क्लिप मारा.

पहिल्यांदा करंट सोडताना

सगळे फ्यूज काढा, सगळे स्विच बंद. बॅटरीची प्लस जोडा. मायनसची केबल थेट न जोडता केबल आणि मायनसच्या मध्ये २१ वॅटचा बल्ब धरा. बल्ब अंधारात राहिला तर ठीक. पेटला तर फ्यूजच्या अलीकडेच कुठेतरी शॉर्ट आहे, आणि बल्बने वायर जळण्यापासून वाचवली. मग एकेक फ्यूज बसवत जा. ज्या फ्यूजला स्विच बंद असताना बल्ब उजळला तेच सर्किट तपासायचं. घड्याळ, स्टिरिओ असेल तर तार मंद लाल होईल, ते चालतं.

बल्ब काढून मायनस पक्की करा. गाडी सुरू करून बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. नंतर गाडी बंद करून डिझेल बंद करणाऱ्या सोलेनॉइडची वायर काढा, म्हणजे इंजिन पेटणार नाही, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगून बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त नको. बॅटरीच्या मायनसपासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत ०.३ च्या आत. कटऑफ स्विच बसवला असेल तर इंजिन चालू असताना तो कधीही बंद करू नका. बॅटरी अचानक सुटली की अल्टरनेटरचं व्होल्टेज उसळतं आणि रेग्युलेटर जातो.

पहिले पाचशे किलोमीटर झाले की सगळे अर्थचे बोल्ट आणि बॅटरीची टर्मिनलं पुन्हा आवळा, रात्री हेडलाइट दहा मिनिटं चालू ठेवून रिलेचे सॉकेट आणि फ्यूजबॉक्स हाताने चाचपून पाहा. जे गरम लागेल ते त्याच आठवड्यात उघडा. आणि वायरिंगच्या अंतिम कागदाची एक प्रत लॅमिनेट करून सीटखाली ठेवा, एक मोबाइलमध्ये.